प्रीती नेमकी कुणाची? लोम्बार्ड, अ‍ॅक्वायनस आणि माणसाची कृती

मित्रहो, पत्रिकेवर आजचा विषय ‘मध्ययुगीन ख्रिस्ती विचारातील सद्गुण, कृपा आणि मानवी कृती’ असा छापला आहे. आवाका मोठा आहे, म्हणून मुद्दा आधी सांगतो आणि मग त्याच्याकडे जाणारी वाट दाखवतो. थॉमस अ‍ॅक्वायनस या तेराव्या शतकातल्या ख्रिस्ती विचारवंताच्या मते देवाची कृपा माणसाला बाहेरून ढकलत नाही. ती त्याच्या आत नवं सामर्थ्य रुजवते, ते सामर्थ्य त्याचं स्वतःचं होतं आणि त्यातून निघालेली कृती पूर्णपणे त्याची असते. ती पूर्णपणे देवाचीही असते. ही दोन ‘पूर्णपणे’ एकमेकांच्या आड येत नाहीत, एवढं ज्याला उमगलं त्याला पुढचा सगळा विषय उलगडतो.

आता तक्रार. या विषयावर कुठंही बोललं, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: मग देवाचा वाटा किती आणि माणसाचा किती? जणू एखाद्या भागीदारीचा हिशोब लावायचाय. हा प्रश्न मध्ययुगाचा नाही. तो सोळाव्या शतकाच्या अखेरचा आहे. १५८८ मध्ये लिस्बनला लुइस दे मोलिना या जेझुइट पंथातल्या धर्मगुरूचा ‘कॉन्कॉर्डिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. दोन माणसं मिळून होडी ओढतात, तसे देव आणि माणूस मिळून एक कृती घडवतात, असं चित्र मोलिनानं समोर ठेवलं. डॉमिनिकन पंथाचा डोमिंगो बान्येस त्याच्यावर तुटून पडला. प्रकरण रोमला गेलं, १५९८ पासून १६०७ पर्यंत त्यावर समितीचं काम चाललं आणि शेवटी पोप पाचव्या पॉलनं निर्णय न देताच ते मिटवलं. दोन्ही बाजूंनी आपापलं मत मांडावं, पण एकमेकांना पाखंडी म्हणू नये, एवढंच ठरलं. नऊ वर्षांच्या भांडणानंतर निघालेला हा तह मला तरी शहाणपणाचा वाटतो.

पण त्या भांडणाचा परिणाम असा झाला, की पुढच्या काळातल्या वाचकांनी होडीचं ते चित्र मागे नेऊन तेराव्या शतकावर डकवलं. एकदा होडी डोळ्यांसमोर आली, की बेरीज-वजाबाकी सुरू होते. देवानं जास्त ओढलं तर माणसानं कमी ओढलं. माणसाचं श्रेय वाढवायचं तर देवाचं घटवायला हवं. थॉमसनं हे चित्र आधीच नाकारलेलं आहे. ‘सुम्मा काँत्रा जेंतिलेस’च्या तिसऱ्या भागातलं ७० वं प्रकरण काढून पाहा. कार्याचा अमुक भाग देवाकडून आणि तमुक भाग निसर्गातल्या कारणाकडून येतो असं नाही, अख्खं कार्य दोघांकडूनही येतं, पण वेगवेगळ्या प्रकारे, असं तो स्पष्ट सांगतो. हे प्रकरण जेमतेम दोन पानांचं आहे. ज्यांना या विषयावर भांडायचंय त्यांनी आधी ती दोन पानं वाचावीत, एवढीच माझी विनंती आहे.

वाचण्यावरून निघालंच आहे तर थॉमस वाचायचा कसा, तेही सांगतो, कारण चुका तिथंच होतात. त्याच्या ‘सुम्मा थिऑलॉजिए’मध्ये प्रत्येक कलम एका प्रश्नानं सुरू होतं. लगेच आक्षेप येतात, साधारण तीन, कधी त्याहून जास्त. हे आक्षेप बहुतेक वेळा त्याच्या मताच्या विरुद्ध असतात आणि तरीही इतक्या ताकदीनं मांडलेले असतात, की घाईत वाचणारा तेच थॉमसचं मत समजून उतरवून घेतो. आक्षेपांनंतर उलट बाजूचं एखादं वचन येतं, तेही दरवेळी त्याचं अंतिम मत असतंच असं नाही. मग ‘मी उत्तर देतो’ अशी सुरुवात करून तो स्वतः बोलतो आणि शेवटी एकेका आक्षेपाला उत्तर देतो. माझा सल्ला असा: प्रश्न वाचा, मग थेट त्याचं उत्तर वाचा, मग पहिला आक्षेप आणि त्याचं उत्तर, दुसरा आक्षेप आणि त्याचं उत्तर, असं जोडीजोडीनं जा. सगळ्यात मोलाचा माल पुष्कळदा या शेवटच्या उत्तरांत, दोन-तीन ओळींत दडलेला असतो. आज मी ज्याच्यावर सगळा भर देणार आहे ते वाक्यही तसंच एका आक्षेपाच्या उत्तरात आहे.

दुसरी चूक निवडक वाचनाची. आपल्या विषयाचा भाग म्हणजे दुसऱ्या खंडाचा पूर्वार्ध, तो १२७१ च्या सुमारास पॅरिसमध्ये लिहिला गेला. त्यात ११४ प्रश्न आहेत. ४९ पासून ७० पर्यंत अंगी मुरलेले गुण, सद्गुण आणि पवित्र आत्म्याची दानं. मग पाप, मग कायदा. आणि अगदी शेवटी, १०९ ते ११४ या सहा प्रश्नांत, कृपा. नीतिशास्त्राचे लोक सद्गुणांपाशी थांबतात आणि म्हणतात, हा तर ॲरिस्टॉटल. ईश्वरविज्ञानाचे लोक थेट १०९ वर उडी मारतात आणि म्हणतात, हा तर ऑगस्टीन, म्हणजे कृपेवर सगळा भर देणारा जुना आचार्य. मधली पानं ओलांडून दोन्ही टोकं एकत्र धरली, तरच त्याचं स्वतःचं म्हणणं हाती लागतं.

आता पीटर लोम्बार्डकडे येऊ, कारण खरी गोष्ट त्याच्यापासून सुरू होते. हा उत्तर इटलीतल्या नोव्हाराचा. शिकला-शिकवला पॅरिसला, ११५९ मध्ये तिथलाच बिशप झाला आणि पुढच्याच वर्षी वारला. त्याचा ‘सेंटेन्सेस’ हा चार भागांचा ग्रंथ म्हणजे बायबल आणि जुन्या आचार्यांची वचनं विषयवार लावून केलेली मांडणी. १२२० च्या दशकात हेल्सच्या अलेक्झांडरनं तो पॅरिसला शिकवायला घेतला आणि त्यानंतर सुमारे तीन शतकं त्यावर व्याख्यानं दिल्याशिवाय कुणाला ईश्वरविज्ञानाचा आचार्य होता येत नसे. बोनाव्हेंचर, थॉमस, स्कोटस, ओकम, पुढे तरुण ल्यूथर, सगळे याच पुस्तकातून गेले.

तर या पुस्तकाच्या पहिल्या भागात, सतराव्या विभागात, लोम्बार्डनं एक धाडसी विधान केलं. ज्या प्रीतीनं आपण देवावर आणि शेजाऱ्यावर प्रेम करतो, ती प्रीती म्हणजे स्वतः पवित्र आत्माच. विश्वास आणि आशा हे आपल्या अंगचे सद्गुण, त्यांच्यामार्फत आत्मा काम करतो. प्रीतीच्या बाबतीत मात्र मध्ये कुठला गुण नाही, साक्षात देवच आपल्या आतून प्रेम करतो. आधार म्हणून त्यानं ऑगस्टीन आणला. प्रेषित पौलानं रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायातलं प्रसिद्ध वचनही होतं: देवाची प्रीती पवित्र आत्म्याच्या द्वारे आपल्या अंतःकरणात ओतली गेली आहे.

ऐकायला हे किती सुंदर वाटतं! भक्तिपरंपरेत वाढलेल्या कुणालाही ते जवळचं वाटेल. मी कुठलं, करणारा तोच, ही भाषा आपल्या कानांना सवयीची आहे. लोम्बार्डचा हेतूही तोच होता. प्रीती इतकी थोर, की तिला माणसाच्या अंगचा एखादा गुण म्हणणं त्याला कमीपणाचं वाटलं.

थॉमसनं विशीच्या अखेरीस, १२५२ ते १२५६ च्या दरम्यान, याच विभागावर भाष्य लिहिताना या मताला विरोध केला आणि ‘सुम्मा’च्या दुसऱ्या खंडाच्या उत्तरार्धात, २३ व्या प्रश्नाच्या दुसऱ्या कलमात, तो पुन्हा त्यावर आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: लोम्बार्डनं हे प्रीतीच्या गौरवासाठी म्हटलं, पण नीट पाहिलं तर त्यानं प्रीतीचं नुकसानच होतं. कसं ते तो तीन पायऱ्यांनी दाखवतो.

पहिली पायरी. समजा, आत्मा मनाला असं हलवतो, की त्या हालचालीचा उगम मनात मुळीच नाही. दगड उचलून ठेवावा तसं. मग ती इच्छेची कृती उरत नाही. पण प्रेम ही तर इच्छेचीच कृती. इच्छेविना प्रेम म्हणजे वदतोव्याघात. दुसरी पायरी. समजा, मन साधन म्हणून हललं, सुताराच्या हातातल्या करवतीसारखं. साधनाचा कार्यात हात असतो हे खरं, पण करायचं की नाही करायचं हे त्याच्या हाती नसतं. म्हणजे स्वेच्छा गेली आणि तिच्याबरोबर पुण्यही गेलं. आणि तिसरी पायरी, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. समजा, इच्छा स्वतःच प्रेम करते, पण त्यासाठी तिच्या नैसर्गिक शक्तीत काहीही भर पडलेली नाही. मग ही कृती आपल्या साध्या नैसर्गिक कृतींपेक्षाही अपुरी ठरेल, कारण कुठलीही शक्ती जे काम सफाईनं करते ते तिच्या अंगात त्या कामाची घडण असते म्हणून. निसर्गातल्या प्रत्येक वस्तूला देव नुसता हलवत नाही, त्या हालचालीला साजेशी प्रकृतीही देतो. मग माणसाला आपल्या मैत्रीकडे नेताना तो त्याला बिनघडणीचा ठेवील? म्हणून प्रीती ही माणसात निर्माण झालेली, त्याची स्वतःची घडण असलीच पाहिजे. तेव्हाच तो तत्परतेनं आणि आनंदानं प्रेम करू शकतो.

या ‘आनंदानं’पाशी जरा थांबू या. सद्गुणांवरच्या आपल्या वादप्रश्नांत थॉमसनं अशी अंगी मुरलेली घडण, लॅटिनमधलं ‘हॅबिटस’, कशासाठी लागते याची तीन कारणं दिली आहेत: कृतीत सातत्य यावं, ती चटकन करता यावी, आणि ती करताना सुख व्हावं. दात-ओठ खाऊन सत्य बोलणाऱ्याला अजून सत्यवादाचा गुण पुरता लाभलेला नाही. मध्ययुगाची जी काळवंडलेली प्रतिमा आपल्याकडे रूढ आहे, तिच्यात ही सुखाची अट कुठंच बसत नाही.

लोम्बार्डला हे का सुचलं नाही? त्याच्याजवळ हत्यारं कमी होती. नैसर्गिक आणि निसर्गापलीकडचं हा भेद पॅरिसच्या चान्सलर फिलिपनं नेटकेपणी मांडला तो १२२० च्या दशकात. ॲरिस्टॉटलचं नीतिशास्त्र संपूर्ण लॅटिनमध्ये आलं ते १२४६-४७ च्या सुमारास, रॉबर्ट ग्रॉसटेस्टच्या हातून. म्हणजे लोम्बार्ड जाऊन ऐंशीहून अधिक वर्षं झाल्यावर. आल्बर्टनं लगेच, १२५० नंतर, कोलोनला त्यावर व्याख्यानं दिली आणि ती उतरवून घेणारा विद्यार्थी होता थॉमस. हा योग जुळला नसता तर पुढचं काही घडतं ना.

गोव्याशी याचा धागा आहे, तो सांगून पुढे जातो. जेझुइटांच्या संविधानानं ईश्वरविज्ञानाच्या शिक्षणाला थॉमसचीच शिकवण लावून दिली होती. १५७९ मध्ये गोव्याला आलेला आणि १६१६ मध्ये रायतूरला मराठी ओव्यांत ‘क्रिस्तपुराण’ छापणारा फादर स्टीफन्स याच पंथाचा. विश्वास, आशा, प्रीती हे तीन आणि विवेक, न्याय, धैर्य, संयम हे चार, ही सातांची माळ अजूनही धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलं पाठ म्हणतात. ती माळ ज्या सुतात ओवलेली आहे ते सूत मात्र फार थोड्यांना कुणी दाखवतं, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता हे गुण येतात कसे, टिकतात कसे आणि जातात कसे. अर्जित सद्गुण, म्हणजे सरावानं कमावलेले, यांची रीत ॲरिस्टॉटलची आहे. एका कृतीनं गुण येत नाही, कारण आपल्या वासना अनेक दिशांना वळू शकतात आणि बुद्धी त्यांना एका झटक्यात जिंकू शकत नाही. ज्ञानाचं वेगळं आहे. एकच पक्की सिद्धता समजली की ते ज्ञान मिळालं. संयमाची सिद्धता नसते, तो गिरवावाच लागतो. आणि इथं ५२ व्या प्रश्नात थॉमसनं एक बारीक गोष्ट टिपली आहे: अंगी असलेल्या गुणाच्या तोडीची कृती झाली तर गुण वाढतो किंवा वाढायची तयारी होते, पण त्याहून ढिली कृती करत राहिलात, तर तो घसरणीला लागतो. म्हणजे अर्ध्या मनानं केलेली चांगली गोष्ट चांगली असली, तरी गुणाला झिजवू शकते. आणि नुसतं करायचं सोडून दिलं, तरी तो हळूहळू जातो, कारण उलट दिशेच्या वासनांना कापणारं कुणी उरत नाही.

कृपेशिवाय माणूस काहीच चांगलं करू शकत नाही का? करू शकतो. १०९ व्या प्रश्नात थॉमस उदाहरणं देतो: घरं बांधणं, द्राक्षमळे लावणं. आदामाच्या पापानं झालेल्या पतनानंतरही मानवी प्रकृती इतकी मोडलेली नाही, की तिच्या हातून काहीच भलं होऊ नये. पण सगळं भलं, सातत्यानं, कुठंही न चुकता, हे तिच्या आवाक्यात नाही, आणि देवाशी मैत्री तर तिच्या मापाच्याच बाहेरची गोष्ट आहे.

सूत्रधारांनी घड्याळ दाखवलं आहे. दहा मिनिटं उरली आहेत आणि ज्यासाठी तुम्ही आलात तो भाग अजून व्हायचाय, तेव्हा आता भरभर जाऊ.

कृपा आणि सद्गुण एक नव्हेत. ११० व्या प्रश्नात थॉमस सांगतो, की कृपा जिवाच्या मूळ स्वरूपातच मुरते आणि तिथून सद्गुण त्याच्या एकेका शक्तीत उतरतात: विश्वास बुद्धीत, आशा आणि प्रीती इच्छेत. इतकंच नाही, तर विवेक, न्याय, धैर्य, संयम हे चारही देव ओततो. जे सरावानं कमावता येतात ते पुन्हा ओतायचे कशाला? ६३ व्या प्रश्नाच्या चौथ्या कलमात जेवणाचं उदाहरण आहे. अर्जित संयमाचं माप बुद्धी ठरवते: शरीराला अपाय होऊ नये आणि विचारशक्ती मंदावू नये, इतकं खावं. ओतलेल्या संयमाचं माप वेगळं. पौल म्हणतो तसं देहाला ताब्यात ठेवायचं, म्हणून उपास. ताटासमोर दोघंही सारखे दिसतील, पण माप निराळं म्हणून गुणाची जातच निराळी.

आणि आता ते वाक्य. ६५ व्या प्रश्नाचं तिसरं कलम, दुसऱ्या आक्षेपाचं उत्तर. आक्षेप बिनतोड आहे: गुण असला की कृती सोपी आणि सुखाची होते असं तुम्हीच म्हणता, मग प्रीती असलेल्या कितीतरी माणसांना चांगलं वागणं जड का जातं? थॉमसचं उत्तर असं, की घडण असूनही कधी कधी कृती जड जाते, कारण बाहेरून काहीतरी आड येतं. विद्वानाला झोप आली किंवा तो आजारी पडला म्हणून त्याची विद्या जात नाही. ओतलेल्या सद्गुणांच्या बाबतीत आड येतात त्या आधीच्या कृत्यांनी पाडलेल्या उलट सवयी. वीस वर्षं दारू पिणाऱ्या माणसाचा आज पालट झाला असं धरा. संयम त्याला आत्ता, या क्षणी, पुरता मिळाला. पण जीभ, हातपाय, संध्याकाळची ओढ, सगळं कालचंच आहे. गुत्त्यावरून जाताना त्याचे पाय जड होतात यावरून त्याचा पालट खोटा, असं कुणी म्हणू नये. सराव करकरून संयम कमावणारा वाटेतच उलट सवयी काढत येतो, म्हणून त्याला शेवटी सोपं जातं. याला गुण आधी मिळाला, सवयी काढायचं काम मागाहून करायचंय. कृपेनं त्याचे कष्ट वाचवले नाहीत. तिनं त्याला ते कष्ट करण्याचं बळ दिलं. व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या प्रत्येकानं हे उत्तर वाचावं असं मला मनापासून वाटतं.

जाण्याचीही रीत उलटी आहे. अर्जित सद्गुण एका चुकीनं जात नाही. प्रीती मात्र एका प्राणघातक, म्हणजे देवाशी मैत्री तोडणाऱ्या, पापानं तत्क्षणी जाते आणि तिच्याबरोबर ओतलेले नैतिक सद्गुणही जातात. विश्वास आणि आशा राहू शकतात, पण निर्जीव.

पालटाच्या क्षणी चार गोष्टी असतात, ११३ वा प्रश्न: कृपा ओतली जाणं, इच्छेचं देवाकडे वळणं, पापाकडे पाठ फिरवणं आणि पापक्षमा. चारही एकाच क्षणी होतात, क्रम फक्त कारणांचा. वाईट इच्छिणारी इच्छा जेव्हा पहिल्यांदा चांगलं इच्छू लागते, तेव्हा हलवणारा एकटा देव असतो, या कृपेला थॉमस ‘करणारी कृपा’ म्हणतो. मग ती इच्छा हात-पाय हलवायला लागते, तिथं ‘सोबत करणारी कृपा’. म्हणून पुण्याबद्दलही तो म्हणतो, ११४ व्या प्रश्नात, की एकच कृती आपल्या स्वेच्छेच्या बाजूनं पाहिली तर तिला फळ मिळणं शोभून दिसतं एवढंच, पवित्र आत्म्याच्या बाजूनं पाहिली तर ती त्या फळाला पुरेपूर पात्र आहे. पहिली कृपा मात्र कुणालाच कमावता येत नाही.

हे सगळ्यांना पटलं असं नाही. डन्स स्कोटसला ओतलेले नैतिक सद्गुण अनावश्यक वाटले. अर्जित सद्गुणांना प्रीतीनं दिशा दिली की पुरे, असं त्याचं मत, आणि ते लेचंपेचं नाही. ल्यूथरनं १५१७ च्या सप्टेंबरात, मध्ययुगीन विद्यापीठांतल्या ‘स्कोलॅस्टिक’ ईश्वरविज्ञानाविरुद्धच्या विधानांत, लिहिलं की नीतिमान कृत्यं करून आपण नीतिमान होत नाही, नीतिमान केले गेल्यावर नीतिमान कृत्यं करतो. त्याचा रोख ॲरिस्टॉटलवर होता. ओतलेल्या सद्गुणांच्या बाबतीत थॉमस त्या वाक्याखाली सही करू शकला असता, असं माझं मत आहे. खरा मतभेद पुढचा: हे नीतिमान होणं माणसाच्या आतली घडण आहे की नाही. १५४७ च्या जानेवारीत कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेनं त्यावर ‘आहे’ असं उत्तर दिलं.

शेवटचा मुद्दा, १०९ व्या प्रश्नाचं दहावं कलम. कृपा आहे, सगळे सद्गुण आहेत, पवित्र आत्म्याची सातही दानं आहेत, तरी माणूस शेवटपर्यंत टिकेलच का? थॉमस म्हणतो, नाही. टिकून राहण्यासाठी देवाचं वेगळं साहाय्य लागतं, त्याची कुठलीही घडण होत नाही आणि ते पुण्यानं कमावताही येत नाही. ते रोज मागावं लागतं, आणि कृपा मिळालेल्यांनीही ते मागायचं असतं, असं ऑगस्टीनचा हवाला देऊन तो सांगतो. प्रश्न असतील तर आता घेऊ या.